रविवारी जमिनीचे कागद घेऊन या
सर्व सभासदांस नमस्कार. येत्या रविवारी दुपारी ४ वाजता देवळाच्या सभागृहात आपल्याच वाड्यावरच्या वकीलबाई बोलणार आहेत. गोव्यात म्हापशाच्या कोर्टात जमीन-घरांचे दावे लढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कूळ, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) हे रोजचेच विषय.

एक-चौदाचा उतारा (जमिनीची सरकारी नोंद) आणा. मूळ कागद नको, झेरॉक्स पुरे (मागच्या वेळी एकाचं विक्रीखत चहात भिजलं!). उताऱ्यावर नाव चढलं की मालक झालो, ही समजूत वकीलबाई पहिल्या ५ मिनिटांतच मोडतात.

आजोबांच्या नावावरचं घर अजून वाटून न घेतलेल्यांनी नक्की यावं. वाटणी जमत नसेल तर गोव्याच्या २०१२च्या वारसा कायद्याखाली इन्व्हेंटरी (कोर्टामार्फत वारसांत वाटणी करून घेण्याची कारवाई) कशी घालतात, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी विकताना बायकोची सही का लागते, हे सविस्तर कळेल. कुंपणाची भांडणं कृपया शेवटी काढावीत.