टाका एक, पण कुणासाठी?

संपादक महोदय,

कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीवर (डिस्क) दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दलचा आपल्या इंदूर आवृत्तीतील लेख वाचला. एक टाका आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरी, हे खरे. पण ती कुणाला करायची, हेच लेखातून निसटले. काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते. पायात उतरणारी कळ, पाय सरळ उचलताना होणारी वेदना आणि एमआरआयच्या फिल्मवर दबलेली नस, तिन्ही एकाच बाजूची व एकाच पातळीची जुळायला हवीत. बहुतेकांची सायटिका, म्हणजे पायात उतरणारी ही कळ, ६ ते १२ आठवड्यांत औषधे आणि व्यायामाने ओसरते. छेद ८ मिलिमीटरचा असला तरी आतली नस तीच असते! कंबरेतल्या सर्वांत खालच्या गादीकडे दुर्बिणीने बाजूने जाताना खुब्यावरचे हाड आड येऊ शकते. मग मागून शिरावे लागते. सरकलेल्या गादीचा तुकडा आत राहिला तर कळ कायम. मणकाच हलत असेल तर नुसता तुकडा काढून सहसा भागत नाही. मात्र लघवी अडली, जांघांमध्ये बधिरपणा आला, तर आठवडे मोजत बसू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. लेखात एवढी चौकट हवी होती.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, इंदूर