टीम लीड झालीस, म्हणून

सावदा, ता. रावेर

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

टीम लीड झालीस कळल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली. तू विचारलंस, "आबा, कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना आता काम कसं सांगू?" फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी केळी कापणीच्या टोळीचा मुकादम झालो तेव्हा टोळीत सगळ्यांत लहान होतो. पहिलाच वैशाख, पारा ४५ च्या पुढे, दिल्लीची गाडी बांधावर उभी. घड वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या नानांच्या खांद्यावरून घड निसटला, फण्या फुटल्या. मी सगळ्यांदेखत नको ते बोललो. नाना गप्प कामाला लागले.

दुपारी गाडी भरताना एक पिवळा पडू लागलेला घड त्यांना दिसला. तुला ठाऊक आहे, पिकत्या केळीतून वायू निघतो आणि शेजारचे घडही पिकू लागतात. असा घड बाजूलाच काढायचा असतो. नाना बोलले नाहीत. माल पोहोचेपर्यंत बराचसा पिकलेला, व्यापाऱ्याने पैसे कापले. नंतर विचारलं, तर म्हणाले, "सकाळचं ऐकल्यावर तोंड कसं उघडू?"

रागावलो होतो सगळ्यांदेखत, तर माफीही सगळ्यांदेखत मागितली. पुढे रोज कोयते हातात घ्यायच्या आधी एकेकाला विचारायचो, आज कुठे अडेल? आठ दिवस कुणी काही सांगितलं नाही. मग एक नवा पोरगा म्हणाला, पाटाच्या पाण्याने वाट ओली आहे, गाडी रुतेल. गाडी फिरवण्यात तास गेला. मळ्याच्या मालकाला मी सांगितलं, हे या पोराने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून टोळी बोलायला लागली.

तुझ्याकडेही कुणी चूक सांगायला येईल तेव्हा तुझ्या कपाळावर आठी नको, माय. ते आधी तुझं तोंड बघतील, मग ठरवतील किती सांगायचं. वरच्या साहेबांपुढे चूक तुझ्या नावावर घे.

तुझा हात भराभर चालतो, म्हणून दुसऱ्याचं काम ओढून घेशील, तेही करू नकोस. मी कोयता चालवत बसायचो आणि बांधावर घड उन्हात तापायचे. डबा मात्र त्यांच्यासोबतच खा.

नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. परवा पारावर तुझी चौकशी करत होते. दिवाळीला आलीस की त्यांच्याकडे जाऊ.

तुझा,
आबा