अण्णा, त्या १०८ आकड्यांसाठी

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

दिवाळीआधी बोनसची यादी कारखान्यात लावली आणि त्याच दुपारी शिलाईवरच्या मावशी आपली डायरी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "माझे सहाशे कमी लागलेत बघ," एवढंच म्हणाल्या. मी बेरीज पुन्हा घेतली, तीच आली. एक्सेलची बेरीज चुकत नाही मावशी, असं मी त्यांना सांगून टाकलं. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही सूतवाल्यांच्या पेढीवर जन्मभर हिशेब लिहिलेत. बेरजेकडे तुम्ही पाहिलंच नाही. पगाराच्या कॉलमवरून हळूहळू बोट खाली आणलंत आणि एका जागी थांबलात. "पोरी, हे आकडे डावीकडे का चिकटलेत?"

मी रजेवर होते त्या तीन आठवड्यांचे पगार मला व्हॉट्सॲपवर आले होते, ते मी तसेच चिकटवले होते. दिसायला आकडे, पण एक्सेलच्या लेखी तो मजकूर. बेरजेचं सूत्र 'सम' असा मजकूर गुपचूप वगळतं, एररसुद्धा दाखवत नाही. तुम्ही दोन रिकाम्या खान्यांत दोन सूत्रं लिहायला लावलीत. 'काउंटए' भरलेले सगळे खाने मोजतं, 'काउंट' फक्त खरे आकडे. फरक आला १०८. छत्तीस माणसं, तीन आठवडे. म्हणजे एकट्या मावशींचे नव्हे, सगळ्यांचेच पैसे कमी लागले होते. डायरी ठेवणाऱ्या तेवढ्या मावशीच होत्या. त्यांचा आठवड्याचा पगार २,४०० रुपये, तीन आठवड्यांचे ७,२०० गळाले, आणि आमच्याकडच्या ८.३३ टक्के बोनसच्या हिशेबाने त्यावर जवळजवळ सहाशे रुपये होतात.

रिकाम्या खान्यात १ लिहून तो कॉपी केला, ते १०८ खाने निवडून 'पेस्ट स्पेशल'मधून गुणाकार केला आणि आकडे झर्रकन उजवीकडे सरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी यादी लागली, पैसे वाटायच्या आत.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्यासारख्या हिशेब सांभाळणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि त्या संध्याकाळी तुम्ही पुढे जे शिकवलंत ते त्यांनाही लागेल. मी विचारलं होतं, कुठलं फंक्शन सगळ्यात चांगलं? तुम्ही म्हणालात, "बेरीज कुणाला दाखवायची ते आधी सांग."

शिलाई खात्याचा फिल्टर लावला तरी खालचं 'सम' अख्ख्या कारखान्याचीच बेरीज दाखवतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. समोर दिसतंय तेवढ्याचीच बेरीज हवी तर 'सबटोटल'. त्यात ९ लिहिलं तर फिल्टरने गेलेल्या ओळी सुटतात, पण हाताने लपवलेल्या धरल्या जातात. १०९ लिहिलं तर त्याही सुटतात. काम सोडून गेलेल्यांच्या ओळी मी लपवून ठेवायचे, त्यामुळे हा फरक माझ्या फार कामाचा. शिवाय महिन्या-महिन्याच्या सबटोटलवर शेवटी एक मोठं सबटोटल घेतलं तरी रक्कम दुप्पट होत नाही.

एका माणसाचं वर्षाचं खातं काढायला मी 'समइफ' वापरायचे, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज देणारं सूत्र. तुम्ही अट एक असली तरी अनेक अटी घेणारं 'समइफ्स'च लिहायला लावलंत. नावांचा पट्टा २,००० ओळींचा आणि रकमेचा चुकून १,९०० चा दिला तर समइफ स्वतःच पट्टा वाढवून घेतं आणि आपल्याला काही सांगत नाही. समइफ्स तिथेच एरर देऊन अडतं. क्रम तेवढा उलटा, बेरजेचा कॉलम आधी आणि अटी मागून. पुढे खातं, महिना अशा अटी वाढल्या तरी सूत्र तेच राहतं. नावापुढची एक मोकळी जागासुद्धा त्याला वेगळं नाव वाटते, म्हणून नावं आता मी यादीतूनच निवडते.

पिव्होट टेबलला मी घाबरायचे. तुम्ही हसून म्हणालात, "अगं, ही तर खतावणी." रोजकीर्दीतून खात्यावर मांडायचं, एवढंच. मालकांना महिनावार, खातेवार आकडे हवे असले की आता दोन मिनिटांत देते. फक्त नवीन आठवडा भरल्यावर 'रिफ्रेश' करायचं, नाहीतर खतावणी जुनीच राहते.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही, अण्णा. नग आणि दर यांचा गुणाकार करून एकाच खान्यात बेरीज देणारं 'समप्रॉडक्ट' तुम्हाला आवडतं. पण दोन कॉलम स्वल्पविरामाने दिले आणि नगांच्या जागी मजकूर असला, तर ते शून्य धरतं, तेही न सांगता. मी रकमेचा वेगळा कॉलम ठेवलाय. टॉवेल किती, दर किती, रक्कम किती, हे मावशींना ओळीवर बोट ठेवून वाचता येतं. वर काउंटए आणि काउंटचा फरक लाल अक्षरात असतो. तो शून्य झाल्याशिवाय मी पगाराचा कागद छापत नाही.

आता शिलाईवरच्या आणखी चौघींनी डायऱ्या घातल्यात. यंदा बोनसची यादी लावण्याआधी पाचही डायऱ्या माझ्या टेबलावर येणार आहेत. त्या दिवशी तुम्हीही या. मावशींना तुम्हाला भेटायचंय, शेंगाचटणीचा डबा त्यांनी तुमच्या नावाने काढून ठेवलाय.

आपली कृतज्ञ,
टॉवेल कारखान्यातली हिशेबनीस, सोलापूर