अव्या, माईचं वायफाय लागलं

प्रिय अव्या,

तुझ्या मेलला उत्तर दिलं नाही, त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव, भेटलास की खाईन. आधी हे ऐक, कारण हे सांगावं असं दुसरं माणूस मला नाही. माईच्या कॉम्प्युटरवर वायफाय लागलं. डोंगलचा निळा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. माई शांतपणे म्हणाली, "एवढंच होतं तर सकाळीच का नाही लावलंस?" तू तिथं हवा होतास रे.

तब्येत ठीक. पाठ आहे तशी आहे. गोळ्या बदलल्या, फरक काही नाही.

तर झालं असं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि माईच्या यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे ११ चा विषयच मिटला. दादा म्हणाला, नवा घेऊन टाकू. माई म्हणाली, चालतोय तर टाकायचा कशाला? ती असं म्हणाली की पुढं कुणी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून लिनक्स टाकलं, डेबियन १३. ते निमूट बसलं. आतलं वायफाय कार्ड केव्हाच गेलंय, तेव्हा जाड्यानं कौतुकानं आणलेलं वायफाय ६ चं डोंगल लावलं. खोक्यावर लिनक्सच्या पेंग्विनचं चित्र होतं. जाड्या चित्र बघून वस्तू आणतो, आणि लग्नाच्या वेळी तू त्याला यावरूनच छळलं होतंस.

लावल्यावर डेस्कटॉपवर काय यावं? सीडीचं चिन्ह! यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणारी एलएसयूएसबी कमांड मारली, तर ओळख क्रमांकाच्या शेपटाला १ए२बी. म्हणजे महाशय अजून वायफाय झालेलेच नव्हते, सीडी ड्राइव्हचं सोंग घेऊन बसले होते. पोटात विंडोजचा ड्रायव्हर. विंडोजवर तो चढला की सोंग आपोआप उतरतं. इथं यूएसबी-मोडस्विच वापरून उतरवावं लागतं, कधीकधी नुसतं इजेक्ट केलं तरी भागतं. थ्रीजी डोंगलांच्या दिवसांत आपण हेच करत बसायचो, आठवतं? तेव्हा तू म्हणाला होतास, ही खोड एका पिढीत जाईल. गेली नाही.

सोंग उतरलं, क्रमांक बदलला, आणि पुढं काहीच नाही. फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाईल नसली की डीमेसेजमध्ये, लिनक्सच्या गाभ्याच्या म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, 'एरर मायनस टू' वाली ओळ येते, ती मला तोंडपाठ आहे. इथं तीही नाही. म्हणजे फाईल सापडण्या-न सापडण्याचा प्रश्नच नव्हता, या डोंगलला ओळखणारं मॉड्यूलच, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडाच, कर्नलमध्ये नव्हतं. डेबियन १३ चं कर्नल ६.१२, आणि रिअलटेकच्या या पिढीच्या यूएसबी चिपांची सोय मूळ कर्नलमध्ये त्याच्या नंतर आली. मग उरला बाहेरचा ड्रायव्हर, कुणीतरी हौसेनं सांभाळलेला. तो उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठी तो हवा. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. कर्नलला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, कसलाही ड्रायव्हर शोधावा लागत नाही. ही युक्ती माईलाही शिकवून ठेवली आहे, पण त्यावर पुढं येतो.

बाहेरचा ड्रायव्हर त्या-त्या कर्नलसाठी बांधून देणाऱ्या डीकेएमएसनं ड्रायव्हर बांधून झाला. मॉडप्रोबनं तो चढवायला गेलो, तर "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". सिक्युअर बूट! ओळखीच्या चावीची सही नसलेलं मॉड्यूल तो आत घेत नाही. सिक्युअर बूट बंद करून टाकणं सोपं होतं, पण तुझा आवाज कानात होता, म्हणून रीतसर केलं: मोकयूटिलनं आपली सहीची चावी नोंदवायला दिली, एकदाच लागणारा पासवर्ड ठरवला, रीबूट. त्या वेळी चालू होताना निळा पडदा येतो, दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर निघून जातो. मी आत गेलो होतो, समोर माई. तिथूनच ओरडली, "अरे, तुझं ते विंडोज गेलं म्हणालास ना? निळं परत आलंय!" हसण्यात ते दहा सेकंद गेले आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

यावरून आठवलं, आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी ते मिटवणारही नाही. एनडीआयएस-रॅपर वापरून मी विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवला तेव्हा तू मला 'बाटलेला' म्हणाला होतास आणि आठवडाभर बोलला नव्हतास. मग २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान करून मुक्त नसलेलं, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेलं, फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलंही, तेव्हा तुझा तो लांबलचक मेल! मी तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो: तेच फर्मवेअर कार्डावरच्या चिपमध्ये कोरलेलं असेल तर तुला चालतं, आणि डिस्कवरून चढवलं की पाप. बाईट तेच, फक्त जागा वेगळी. यात तत्त्व कुठं आहे ते एकदा मला समजावून सांग. सांगू नकोस, परत आठवडा जाईल.

पण खरं लिहायचं होतं ते वेगळंच. वायफाय लागलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

बघ ना. लिनक्समध्ये बाहेरच्या ड्रायव्हरची अवस्था भाडेकरूसारखी. कर्नल घरमालक, आतल्या भिंती हव्या तेव्हा हलवणार, कुणाला विचारणार नाही. वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द तो पाळतो, पण आतल्या मॉड्यूलांना त्यानं कधी शब्दच दिलेला नाही. जो ड्रायव्हर मूळ झाडात, म्हणजे कर्नलच्याच कोडमध्ये, आहे त्याची डागडुजी भिंत हलवणाराच करतो. बाहेरच्याची कुणी करत नाही. प्रत्येक कर्नल अपडेटला डीकेएमएस तो नव्यानं बांधणार, आणि एक दिवस बांधता येणार नाही. तू म्हणशील, डेबियन स्टेबल आहे, ६.१२ ते ६.१२ च राहतं, त्यात फक्त दुरुस्त्या येतात, रोज थोडंच मोडेल? मान्य. पण पुढची आवृत्ती येईल तेव्हा? तो ड्रायव्हर सांभाळणारा कंटाळला तर? बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी वेगळ्या ठेवलेल्या नव्या पॅकेजांतून, नवं कर्नल घेतलं तर ड्रायव्हर आतच मिळतो, पण मग कर्नल पळत राहणार, आणि माईच्या टेबलावर पळणारी वस्तू मला नको. एपीटी-मार्क होल्ड करून कर्नल थिजवून टाकावं, तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थिजल्या. माईची बँकेची कामं त्याच यंत्रावर.

आणि मी पुढच्या महिन्यात निघतोय. हे तुला अजून सांगितलं नव्हतं. हो, मिळाली ती जागा. वर्षभरासाठी.

तिला मी सगळं दाखवलंय. चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून जुनं कर्नल निवडायचं, ते साठवलेलं असतं, त्यात ड्रायव्हर बांधलेलाच आहे. नाही जमलं तर फोन केबलनं जोडायचा. तिनं वहीत लिहून घेतलं, आपल्या परीक्षांच्या वेळी लिहून द्यायची तशा टपोऱ्या अक्षरात. ती करील, मला शंका नाही. मला भीती वेगळी आहे: नाहीच जमलं तर ती कुणाला सांगणार नाही. दादाचा दर रविवारी कॉल असतो, त्याला म्हणेल, जरा कामात होते. तुला तर मुळीच सांगणार नाही, "अव्याला कशाला त्रास, त्याच्यामागं काय कमी आहे?" बाबा गेले तेव्हा फ्रीज कितीतरी दिवस बंद होता आणि आपल्याला वास येईपर्यंत कळलं नव्हतं. तीच माई आहे ही.

बरं, तुझं. नवी नोकरी कशी आहे, तो आधीचा साहेब सुटला यातच सगळं आलं. ओवीचा निकाल कळला, तिला शाबासकी सांग, मी वेगळा फोन करीनच. वहिनींच्या पायाचं प्लास्टर निघालं का? घराचं ते काय झालं ते लिही, तुझ्या मेलमध्ये अर्धवट होतं.

आता काम. तुझं ते जुनं अ‍ॅथेरॉस डोंगल आहे ना, एआर९२७१ वालं, जे तू कुणाला हात लावू देत नव्हतास? ते मला हवं आहे, म्हणजे माईला. त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये, फर्मवेअर २०१३ पासून मुक्त, डेबियनच्या मुख्य भांडारात. वेग कागदावर १५० एमबीपीएस आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पण दादाच्या रविवारच्या कॉलला एवढं पुरतं. सिक्युअर बूट, डीकेएमएस, काही मधे येत नाही. लावलं की चालतं. जाड्याचं वायफाय ६ मी खणात ठेवतो, तुझं लावतो. जाड्याला सांगू नकोस.

फक्त ते यूएसबी ३ च्या डिस्कच्या शेजारी खुपसू नकोस. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये सांडतो, इंटेलनंच २०१२ मध्ये कागदावर मांडलंय. येताना एक हातभर एक्स्टेन्शन वायर आण, टेबलाच्या मागून वर काढू.

मी निघायच्या आधी ये. आणि मी गेल्यावर दर रविवारी कॉलच्या वेळेच्या आधी माईला तू फोन कर, नेटबद्दल विचारू नकोस, भलतंच काहीतरी विचार. तुला आवाजावरून कळेल.

तुझा,
मन्या