विषय : ‘सॉफ्ट ग्रिप’ सोऱ्याची सदोष मूठ आणि तुमच्या कस्टमर केअरचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. लगेच ‘आपली तक्रार क्लोज करण्यात आली आहे’ असा मेसेजही आला. माझ्याकडून ती क्लोज झालेली नाही.

सोऱ्या कसा चालतो हे तुम्हाला सांगायला नको, बनवता तुम्हीच. जुन्या मॉडेलला वर स्टीलचा आडवा दांडा होता, दोन्ही बाजूंना मूठ बसेल एवढा. तो काढून तुम्ही रबराचा गोळा बसवलात आणि खोक्यावर छापलंत ‘हाताला आराम’. दांडा निम्मा केला की तोच स्क्रू फिरवायला दुप्पट जोर लागतो, हे वागळे इस्टेटमधला कुठलाही टर्नर चहा पिता पिता सांगेल. तो सगळा जोर आता अंगठ्याच्या बुडाशी येतो. त्यात चकल्या पाडणाऱ्या बाईचा हात तेलकट असतो, ही बातमी तुमच्या डिझाइनवाल्यांपर्यंत पोचलेली दिसत नाही. दुसऱ्याच घाण्याला रबर आतल्या दांडीवरून सुटलं. आता रबर माझ्या हातात गरगर फिरतं, स्क्रू जागचा हलत नाही आणि कढईतलं तेल धुरावत बसतं.

मऊ मूठ वाईट, असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत ऑक्सो कंपनीनं १९९० साली जाड मुठीचं सोलाणं काढलं. संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता, तिथून ती कल्पना निघाली. (माझी मुलगी डिझाइन शिकते, तिनं सांगितलं.) पण ती मूठ लांबट-अंडाकृती आहे, हातात फिरू नये म्हणून. बोटं टेकायच्या जागी तिला पातळ खाचा आहेत. तुम्ही त्यातलं फक्त काळं रबर उचललंत.

आता तो फोन. सगळं ऐकून घेऊन तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, आपण पीठ थोडं सैल भिजवून बघा.” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “सैल?” “हो मॅडम, पाणी वाढवा, स्मूद निघेल.” सैल पिठाच्या चकलीला काटे येत नाहीत, ती तेल पिते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडते, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. बऱ्यापैकी शांतपणे. त्यानं मला होल्डवर टाकलं, बासरी ऐकवली आणि परत येऊन म्हणाला, “सिनिअरशी बोललो मॅडम. आपण आपली रेसिपी मेल करा, टीम चेक करेल.” सासूबाईंच्या भाजणीचं प्रमाण मी सख्ख्या जावेला सांगितलेलं नाही, ते तुमच्या टीमला मेल करू? भाजणीत काय बिघडलंय ते तुम्ही तपासणार, आणि रबर सुटलंय ते कोण तपासणार?

हा माझा हौसेचा खेळ नाही. मी फराळाच्या ऑर्डरी घेते, दिवाळी तोंडावर आहे. जांभळी नाक्यावरचा दुकानदार ‘कंपनीशी बोला’ म्हणतो, कंपनी पीठ सैल करायला सांगते. माझ्या आईच्या रुखवतात तुमचाच सोऱ्या होता. तो पितळी सोऱ्या माझा भाऊ द्यायला तयार नाही, म्हणून तर नाव बघून हा घेतला. नावाचे जास्तीचे पैसेही मोजले. आणि मिळालं काय, तर तेलकट हातात न टिकणारं रबर!

पूर्ण पैसे परत करा, नाहीतर जुना आडवा दांडा असलेला सोऱ्या बदलून द्या. आठवड्यात उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं हेड ऑफिस कुठंही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. पावती, खोकं आणि सुटलेल्या रबराचे फोटो सोबत जोडले आहेत.

वस्तू न्यायला माणूस पाठवाल तर दुपारी तीननंतर पाठवा. सकाळी मला गॅसजवळून हलता येत नाही.

तुमची आजवरची ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)