गोळी देताना सांगायचं राहून गेलं

प्रिय ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तुझं नाक पाहिलं आणि रात्रभर तेच डोळ्यांपुढे होतं. साल निघून खालची कोवळी कातडी दिसत होती, आणि तू म्हणालास, "अगं आई, तिकडे आम्ही कुडकुडत होतो, ऊन कुठलं लागतंय!" म्हणून लिहायला बसले. फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस.

अंगाला ऊब देणारे किरण निराळे आणि कातडी भाजणारे अतिनील किरण निराळे, बाळा. ते दिसतही नाहीत, जाणवतही नाहीत. दर हजार मीटर चढलं की ते दहाएक टक्क्यांनी वाढतात, आणि तुम्ही ट्रेकला गेलात ती हिमालयातली सार पासची खिंड तर ४,२०० मीटरच्या आसपास. त्यात पायाखाली बर्फ. ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतो. म्हणूनच टोपी असूनही तुझी हनुवटीखालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडा पोळल्या. मान वर केलीस तेव्हा मी बघितलं.

हे भाजणं त्या क्षणी कळत नाही. लाली यायला तीन-चार तास लागतात आणि खरी आग दुसऱ्या दिवशी होते. रात्री तंबूत चेहरा चरचरायला लागला म्हणालास, तो त्यामुळेच. किरणांचा मार थेट पेशीतल्या डीएनएवर बसतो. ज्या पेशी दुरुस्त होण्यापलीकडे जातात, त्या मरतात. तुझ्या उशीवर सालं पडतायत ती त्यांचीच. काही मात्र बिघाड घेऊन तशाच राहतात. असं वारंवार भाजलं की पुढे सुरकुत्या, डाग, क्वचित कर्करोगसुद्धा. आपल्या सावळ्या रंगामुळे तो धोका आपल्याला गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी आहे, पण भाजायचं काही चुकत नाही.

आता जे कालपासून मनात सलतंय ते सांगते. मुरुमांसाठी तू घेतोस ती डॉक्सिसायक्लिन. चिठ्ठी डॉक्टरांची, पण पाकीट आपल्या मेडिकलमधून मीच काढून दिलं. या गोळीनं कातडी उन्हाला हळवी होते, थोड्या उन्हातही जास्त भाजते. वीस वर्षं मी काउंटरवर उभी आहे. ही गोळी नेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, उन्हात जपा, भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवे होऊ नका. तुला तेवढं सांगितलं नाही. तू पाकीट खिशात टाकलंस तेव्हा मी तुझ्या डब्यात लाडू भरत होते. फार वाईट वाटतंय रे. आजच डॉक्टरांना फोन कर, चेहरा दाखव आणि गोळी चालू ठेवायची का ते विचार.

आजीनं लिंबू चोळायला सांगितलंय, ते अजिबात करू नकोस. ती मायेनंच सांगते. पण लग्नाआधी मी भर एप्रिलात गच्चीवर बसून लोणच्याची शंभर लिंबं चिरली होती. दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत फोड आले, आणि मनगटावर रस ओघळला होता तिथे तपकिरी पट्टे उमटले. गणपती आले तरी ते गेले नव्हते. लिंबाच्या सालीतल्या द्रव्यावर ऊन पडलं की असं होतं. रापलेला रंग आपला आपण उतरेल. तू सावळाच छान दिसतोस.

सध्या गार पाण्याची ओली फडकी ठेव, बर्फ नको. टूथपेस्ट नको, हळद नको. फोड आला तर फोडू नकोस, सुटलेली साल ओढू नकोस. पाणी जास्त पी. ताप आला किंवा मोठे फोड आले तर वाट न बघता दवाखाना गाठ.

सनस्क्रीनची ट्यूब तू सीलसकट परत आणलीस, ती बॅगेच्या कप्प्यात सापडली. चेहरा नि मानेसाठी दोन बोटांवर भरून घ्यायची, आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत लावायची. ती आणि बाबांचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट उद्याच्या एसटीनं पाठवतेय. स्वारगेटला दुपारी पोचेल. घ्यायला जाशील तेव्हा तोंडाला रुमाल बांध.

तुझी
आई