तिकडची बँक, इकडचा लिलाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेतली बँक बुडाली तर आपल्या मिरकरवाडा बंदरात कोळंबीचा भाव का पडावा, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय.

15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा आपल्या बँकांकडे तिकडच्या बुडीत कर्जांचे कागद फारसे नव्हतेच. पण परदेशी गुंतवणूकदारांनी इथले शेअर विकून डॉलर नेले. जानेवारीत 21 हजारांना शिवलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात साडेआठ हजारांवर, आणि चाळिसाच्या आतला डॉलर नोव्हेंबरात पन्नासला.

मासळीचं दुखणं वेगळं. निर्यातदार खिशातून माल घेत नाही. परदेशी गिऱ्हाईक तिकडच्या बँकेत एलसी उघडतं, म्हणजे ती बँक पैशांची हमी देते. त्या हमीच्या जोरावर इकडची बँक माल घ्यायला, गोठवायला कर्ज देते. एक मोठी बँक बुडाली की बाकीच्या एकमेकींची हमी मानायला कुरकुरतात. गिऱ्हाईक नको म्हणत नाही, 'जरा थांबा' म्हणतं. तोवर कोल्ड स्टोरेज भरतं. मग कंपनीचा माणूस लिलावाला येतो, पण बोली वाढवत नाही. माल ठेवणार कुठे? आणि बर्फातली कोळंबी काही थांबत नाही.

आता बोटीचा हिशोब बघा. समजा फेरीला एक लाखाची मासळी आणि डिझेल, बर्फ, शिधा मिळून खर्च साठ हजार. उरले चाळीस, त्यात मालक-खलाशांचे वाटे. भाव वीस टक्के पडला की मासळी ऐंशीची, खर्च तोच, उरले वीस. भाव पाचव्या हिश्शाने पडला, वाटा मात्र निम्मा झाला! रुपया पडल्याने निर्यातदाराला जास्त मिळायला हवं, हे तुमचं म्हणणं खरं. पण गिऱ्हाईकही ते जाणून असतं, डॉलरमधला भाव पाडूनच मागतं.

आखातातून घरी येणाऱ्या पैशांचं गणित उलटं. दुबईचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725. डॉलर 40 असताना हजार दिरहमचे साधारण 10,900 रुपये, 50 झाला की 13,600. पण दुबईत बांधकामं थांबली की नोकरीबरोबर व्हिसाही जातो. म्हणून हे वाढलेले पैसे घरखर्चात धरू नयेत.

तुम्हा दोघांना खरी झळ व्याजाची. ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 9 वरून 4.75 टक्क्यांवर आणला. कर्जदार सुटले, ठेवीवर जगणारे अडकले. म्हणून दर चढे असताना वर्षावर्षाची ठेव फिरवत बसू नका. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवताना असलेला दर पाचही वर्षं तोच राहतो आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं.

आई, तुझी पतसंस्थेतली ठेव मला खटकते. 5 लाखांचा ठेव विमा बँकेला असतो, सहकारी बँकेलाही, पतसंस्थेला नाही. टक्का-दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते त्या जोखमीचं. हे 5 लाख व्याज धरून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. मात्र संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला, एकीत तू पहिली नि दुसरीत बाबा पहिले, तर विमा वेगवेगळा धरतात. पावतीवर मुदत कधी संपते नि वारसाचं नाव लावलंय का, ते बघून कळव. मुदतीआधी मोडू नकोस, व्याज कापतील.

तुमचा,
बाळू